अर्ज आपल्या हाताने भरावा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेलेला असतो, शेतात पेरणीची घाई उडालेली असते, आणि तरीही तालुक्याच्या कचेरीच्या आवारातील सेतू केंद्रापुढे सकाळी दहाच्या आधीच माणसांची रांग लागलेली असते. गेल्या हंगामात अशाच एका रांगेत एक शेतकरी आणि बारावी उत्तीर्ण झालेली त्याची मुलगी माझ्यापुढे उभी होती. मुलीच्या हातातील पिशवीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांच्या नावाचा घडीवर विरलेला एक जुना उतारा इतका ऐवज होता. फार्मसीला जायचे तिने ठरविले होते. "आणि तो कॉम्प्युटरवरचा अर्ज गं? तो कोण भरणार?" असे वडिलांनी विचारताच ती सहजपणे म्हणाली, "स्टँडवरचा नेटवाला देतो की भरून, आण्णा. पैसे दिले की झालं."

त्या उत्तरात तिचा काही दोष नव्हता, कारण आपल्याकडे अर्ज ही वस्तू पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने लिहावयाची आणि आपण तिच्यावर अंगठा किंवा सही उठवावयाची, अशीच रीत चालत आली आहे. परंतु ज्या विद्येचे सारे मर्म चिठ्ठीवरील अक्षर स्वतः वाचण्यात, मात्रा स्वतः मोजण्यात आणि जे दिले त्याची जबाबदारी स्वतः पत्करण्यात साठविलेले आहे, त्या विद्येच्या दारात पाऊल टाकताना तरी ही रीत मोडावी, असे मला अंतःकरणपूर्वक वाटते. आणि ती मोडता यावी म्हणून या प्रवेशाचा सगळा व्यवहार साध्या शब्दांत समजावून सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एके काळी दवाखान्यातील कंपाउंडर रंगीत मिश्रण बाटलीत ओतून, कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून, ती पट्टी मात्रेची खूण म्हणून बाटलीवर डकवून देत असे. त्याच्याजवळ अनुभव असे, पण विद्येची सनद बहुधा नसे. पणजीच्या वैद्यकशाळेत १८४२ सालापासून पोर्तुगीज अमदानीत औषधविद्येचे शिक्षण मिळत होते हे खरे. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानात विद्यापीठीय पदवीच्या दिशेने पहिले ठाम पाऊल पडले ते १९३२ मध्ये, काशी हिंदू विश्वविद्यालयात, प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फार्मसी कायदा आला, त्यानुसार पुढील वर्षी भारतीय फार्मसी परिषद अस्तित्वात आली, आणि नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज अन्य कोणी वैद्याच्या चिठ्ठीवरून औषध बनवू नये वा देऊ नये, हे तत्त्व त्या कायद्याच्या ४२ व्या कलमाने घालून दिले.

हे तत्त्व केवळ कागदी नाही, याची जाणीव महाराष्ट्राला फार मोठी किंमत मोजून झाली आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, उपचार म्हणून ग्लिसरीन दिले गेलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीतील शैथिल्य उजेडात आणले. बाटलीवरील नाव एक आणि आतील द्रव्य दुसरे, हा भेद डोळ्यांना दिसत नाही. तो ओळखण्यासाठी रसायनशास्त्र यावे लागते, कसोटी लावावी लागते, आणि संशय आला तर माल अडवून धरण्याचे धैर्य अंगी असावे लागते. बी. फार्म.च्या चार वर्षांत जे शिकावयाचे, त्याचे सार यात आले.

आता मार्गांचा विचार. बारावीनंतर औषधविद्येकडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः तीन. पहिली दोन वर्षांची पदविका, म्हणजे डी. फार्म.; तिच्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र प्रवेशपरीक्षा नसून बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, आणि औषधाचे दुकान चालविण्याची पात्रता तिने येते. दुसरी चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी, बी. फार्म.; कारखान्यातील उत्पादन व गुणनियंत्रण, संशोधन, औषध निरीक्षकाचे पद, पुढील एम. फार्म. हे सारे हिच्यामुळे खुले होते. तिसरी सहा वर्षांची फार्म. डी., जी आपल्या देशात २००८ पासून सुरू झाली आणि जिचे अखेरचे वर्ष रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे असते. पदविका पूर्ण केलेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो, त्यामुळे घरच्या परिस्थितीपायी आधी पदविका घेणाऱ्याने आपले दार कायमचे बंद झाले असे मानण्याचे कारण नाही.

पदवीच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हे विषय अनिवार्य असून त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र लागते. गणित सुटलेली मुले या ठिकाणी उगाच घाबरतात. वस्तुतः जीवशास्त्र घेऊन आलेल्यांना पहिल्या सत्रात गणिताचा आणि गणित घेऊन आलेल्यांना जीवशास्त्राचा पूरक अभ्यास करावा लागतो, आणि अशा रीतीने दोन्ही वाटांचे प्रवासी एका पातळीवर आणले जातात.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो, कारण तिच्या अज्ञानामुळे दरवर्षी कित्येकांचे वर्ष वाया जाते. अर्ज एक नसून दोन आहेत. पहिला एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेचा. तो परीक्षेच्या कित्येक आठवडे आधी, बारावीचा अभ्यास ऐन भरात असताना भरावा लागतो. दुसरा केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा, ज्याला सगळे 'कॅप' म्हणतात, तो निकालानंतर. पहिला भरला म्हणजे दुसऱ्यात आपले नाव आपोआप आले, अशी समजूत करून घेऊन घरी स्वस्थ बसलेला विद्यार्थी गुणवत्ता यादीत सापडत नाही, आणि मग मुदत टळल्यावर कोणत्याही कचेरीचे दार ठोठावले तरी उपयोग होत नाही.

सीईटी संगणकावर होते. दोनशे गुणांची, तीन तासांची, आणि चुकीच्या उत्तराला गुण न कापणारी. अभ्यासक्रमाचा सुमारे पाचवा हिस्सा अकरावीचा आणि उरलेला बारावीचा असतो. निकालात मिळतात ते टक्के नव्हेत, पर्सेंटाइल होत. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्यामुळे आणि एका सत्राची प्रश्नपत्रिका दुसऱ्याहून सोपी वा कठीण निघणे शक्य असल्यामुळे, प्रत्येकाचे स्थान त्याच्याच सत्रातील परीक्षार्थींशी ताडून ठरविले जाते. ऐंशी पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरात ऐंशी गुण असा नसून, त्या सत्रातील शंभर परीक्षार्थींपैकी ऐंशी जण त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने वा मागे आहेत, असा आहे. हे ज्या घरात नीट समजलेले नसते, तेथे निकालाच्या दिवशी अकारण आनंद किंवा अकारण दुःख होते.

परंतु अर्जाचा खरा कस लागतो तो दाखल्यांत. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ही कागदपत्रे हाताशी असतात. अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमी लेयर ही मात्र मिळवावी लागतात. यांपैकी शेवटचे प्रमाणपत्र ज्या शैक्षणिक वर्षाचा प्रवेश, त्या वर्षाच्या अखेरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असले पाहिजे. मोठ्या भावाच्या वेळी काढलेला जुना कागद येथे चालत नाही. जात वैधतेचे प्रकरण जिल्ह्याच्या पडताळणी समितीपुढे जाते आणि तेथे वाडवडिलांच्या जुन्या नोंदींची रुजुवात होते, म्हणून तो अर्ज अकरावीत असतानाच द्यावा. समितीकडे प्रकरण प्रलंबित असल्याची पावती काही काळ निभावून नेते. पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र हजर झाले नाही तर उमेदवाराची गणना खुल्या प्रवर्गात होते.

रांगेतील त्या मुलीचा कागद खिडकीशी पोहोचला तेव्हा कारकुनाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बोट लावले. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव 'दत्तात्रय' होते आणि शाळेच्या दाखल्यावर 'दत्तू'. घरात आणि गावात दोन्ही नावे एकाच माणसाची, पण दप्तराच्या दृष्टीने ती माणसे दोन. कारकून सौम्यपणे म्हणाला, "ताई, आधी शाळेतून दुरुस्ती करून आणा, नाहीतर पुढं प्रत्येक कागद अडेल." तिने वही काढून ते लिहून घेतले, आणि मग तेथेच कट्ट्यावर बसून पिशवीतील प्रत्येक कागदावरचे आपले, वडिलांचे व आईचे नाव अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहिले. त्या अर्ध्या तासात ती मुलगी औषधविद्येचा पहिला धडा शिकली, असे मला वाटले. कारण औषधांच्या नावांतही एका अक्षराचा फरक म्हणजे दुसरेच औषध असते.

कागदपत्रांची तपासणी घरबसल्या संगणकावरून किंवा सुविधा केंद्रात प्रत्यक्ष जाऊन करून घेता येते. त्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, आणि तिच्यावर हरकत नोंदविण्यासाठी थोडे दिवस मिळतात. या यादीत केवळ आपला क्रमांक पाहून थांबू नये. आपला प्रवर्ग, गुण, जन्मतारीख हा सारा तपशील डोळ्यांखालून घालावा, कारण अंतिम यादी लागल्यावर त्याच चुकीला चूक म्हणून कोणी ऐकून घेत नाही.

मग येतो विकल्पांचा अर्ज, म्हणजे महाविद्यालयांची पसंतीक्रमाने यादी. या ठिकाणी एक चुकीचे भय घरोघरी बोलून दाखविले जाते: 'मोठ्या कॉलेजचे नाव आधी लिहिले आणि ते मिळाले नाही, तर जवळचेही हातचे जाईल.' असे होत नाही. आपल्या यादीतील सर्वांत वरचा जो विकल्प आपल्या गुणवत्ता क्रमांकाला मिळू शकतो, तोच यंत्रणा देते. वरचा मिळाला नाही म्हणून खालच्यावरील आपला हक्क कमी होत नाही. म्हणून जे मनापासून हवे ते पहिले, त्याहून कमी हवे ते दुसरे, असाच प्रामाणिक क्रम असावा. मात्र पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला तर ती जागा पक्की झाली असे धरले जाते आणि पुढील फेऱ्यांत बदल मागता येत नाही. तेव्हा पहिल्या ओळीत जे नाव लिहावयाचे ते विचारांती लिहावे. आणि आपल्या खात्याचा संकेतशब्द परक्याच्या हाती दिला, तर हा क्रमही परक्याच्या हाती जातो, हे विसरू नये.

महाविद्यालय निवडताना त्याला त्या वर्षासाठी भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता आहे याची खातरजमा स्वतः करावी, कारण मान्यता नसलेल्या संस्थेतील पदवीवर राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून ही पदवी पांगळी राहते. महाविद्यालये फार वाढली म्हणून परिषदेने २०२०-२१ पासून पाच वर्षे नव्या संस्थांना मनाई केली होती. परंतु उच्च न्यायालयांनी ती मनाई रद्द ठरविली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. तेव्हा चांगले व सुमार यांतील निवड आता विद्यार्थ्यालाच करावयाची आहे. शक्य तर एकदा जाऊन प्रयोगशाळा पाहावी. टॅब्लेट दाबण्याचे यंत्र वापरात आहे की धूळ खात आहे, वनौषधींची बाग जिवंत आहे की नुसती पाटी उभी आहे, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी शिक्षकांविषयी काय बोलतात, एवढ्यावरून पुष्कळ कळते.

खर्चाची चिंता खरी आहे, पण ती बऱ्याच अंशी हलकी करता येते. विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासनाने पूर्णपणे माफ केले आहे. मुलांसाठीही शिष्यवृत्त्या आहेत. परंतु या सवलती केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहेत; व्यवस्थापनाच्या कोट्यातून घाईने जागा घेणारा त्यांना मुकतो, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून खिन्न मनाने इकडे वळणारी मुलेही पुष्कळ असतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की वैद्याच्या हातून सुटलेली चूक रोग्याच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वी जिथे अडविता येते अशी शेवटची जागा फार्मासिस्टची आहे. ती दुय्यम मानण्याचे काहीच कारण नाही. तिला कमीपणा येतो तो फक्त एका कारणाने: पदविका वा पदवी मिळवून ते प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात भिंतीवर टांगावयास भाड्याने देणारे लोक या व्यवसायात आहेत. प्रमाणपत्र चौकटीत आणि त्याचा धनी घरी, असा हा प्रकार कायद्याने गुन्हा तर आहेच, पण रोग्याशी केलेली ती प्रतारणाही आहे.

ज्याला आपले नाव भिंतीवर लावून आपण गैरहजर राहण्याची सवय नको असेल, त्याने ती सवय अर्जापासूनच टाळावी. म्हणून यंदा अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला विनंती आहे: संगणक कोणाचाही असो, टंकन कोणीही करो, पण प्रत्येक रकाना तुम्ही वाचा, प्रत्येक दाखला तुम्ही ताडा, विकल्पांचा क्रम तुम्ही ठरवा, आणि 'सादर करा' या बटणावर बोट तुमचेच असू द्या. उद्या तुमच्या सहीने कोणाच्या तरी घरात औषध जाणार आहे.