कॉफीची बी जिवंत आहे का? चारशे जणींना विचारा!

सुफी संत बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून चिकमंगळूरच्या डोंगरात आणल्या, ही कथा कॉफीबाजांना पाठ असते. दंतकथाच ती, पण हिशेब करायला मजा येते. बी उगवण्याची शक्यता निम्मीच धरली, तरी सातच्या सात वाया जाण्याची शक्यता १२८ मध्ये एक. आता उलट बाजू. सातही उगवल्या, तरी संख्याशास्त्रज्ञ ‘शंभर टक्के’ म्हणणार नाही. ‘९५ टक्के खात्रीने सांगतो, उगवणक्षमता ६५ टक्क्यांच्या वर असावी,’ एवढंच कबूल करेल. महाचिकट माणूस!

मग बिया घ्यायच्या तरी किती? आपल्याकडे खरिपाच्या तोंडावर कृषी खातं सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांगतं. ७० उगवले की बियाणं पास. पण शंभरात ७० म्हणजे खरा आकडा ६१ ते ७९ यांच्यात कुठेही असू शकतो. म्हणून १९२४ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघटना ४०० बिया मागते. उगवण ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर शंभर बियांत अंदाज सहा टक्के इकडे-तिकडे होतो, चारशेत तीन टक्के. चूक निम्मी करायची तर बिया चौपट, इथे घासाघीस चालत नाही.

या चारशे बिया शंभर-शंभरच्या चार वाट्यांनी लावतात. समजा उगवल्या ९६, ९१, ८९ आणि ८४. सरासरी ९०. पहिल्या आणि शेवटच्या वाट्यात १२ चा फरक दिसला की साहेब सहायकाला झापायला निघतील. पण थांबा, नियमांच्या तक्त्यात ९० च्या सरासरीला १२ पर्यंतचा फरक माफ आहे, कारण तेवढा निव्वळ योगायोगानेही पडतो. तेरा झाला की मात्र चाचणी पुन्हा. मला विचाराल तर चारही वाट्यांत नेमके नव्वद-नव्वद आले, तर जास्त संशय येईल. वहीत बसल्या जागी आकडे भरलेले असतात ते!

कॉफीचं दुखणं वेगळंच. सोयाबीन आठवड्याभरात निकाल देतं, ही बाई मातीतून डोकं वर काढायलाच दीड महिना घेते. ब्राझीलमध्ये या अवस्थेतल्या रोपाला ‘आगकाडी’ म्हणतात आणि पानं उलगडली की ‘जग्वारचा कान’. तोवर पोत्यातल्या बाकीच्या बिया म्हाताऱ्या होत असतात, उघड्यावर ठेवलेली कॉफीची बी काही महिन्यांतच दम तोडते.

म्हणून झटपट चाचण्या. बी भिजवायची, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा गर्भ अलगद सोडवायचा आणि टेट्राझोलियमच्या रंगहीन द्रावणात बुडवायचा. जिवंत पेशी लाल होतात, मेलेल्या पांढऱ्याच राहतात. बी जिवंत होती हे कळतं, पण तेव्हा ती पेरण्यालायक उरलेली नसते. ब्राझीलच्या विसोझा विद्यापीठातल्या मंडळींनी तर चक्क ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट वापरलं. त्यात बीचा इजा झालेला भाग हिरवा पडतो. चाचणीचं नाव ‘लेरकाफे’.

नवी चाचणी जुन्याशी जुळते का, हे तपासताना एक फसगत ठरलेली. खरी उगवण ८०, ७०, ६० आणि झटपट चाचणी म्हणते ९०, ८०, ७०. सहसंबंध काढा, पैकीच्या पैकी १ येईल! चाचणी मात्र दरवेळी दहाची थाप मारतेय.

सगळ्यात भन्नाट उसनवारी कीटकनाशकांकडून आली. कोणत्या मात्रेला किती किडे मरतात हे मोजायला अमेरिकेच्या चेस्टर ब्लिसने १९३४ मध्ये ‘प्रॉबिट’ पद्धत मांडली. इंग्लंडात रेडिंगच्या एलिस आणि रॉबर्ट्स यांनी १९८० मध्ये तिच्यावरून बियांचं सूत्र बसवलं. विषाच्या जागी साठवणीचे दिवस, किड्यांच्या जागी बिया. ओलावा आणि तापमान घाला, किती बिया कधी मरतील ते सूत्र सांगतं. १९९० मध्ये सहकारी हाँग यांच्यासह त्यांनी अरेबिका तपासली, तर ती सूत्राला जुमानेना. वाळवलेलं तिला चालतं, पण वाळलेली बी १५ अंशांपेक्षा शून्याला लवकर मरते! वाळवून थंडीत टिकणाऱ्या आणि वाळवणंच न सोसणाऱ्या बियांच्या ‘मधली’ अशी नवी जात त्यासाठी मांडावी लागली. कॉफीचे वाण नेहमीच्या शीतपेढीत टिकत नाहीत, म्हणून कोस्टा रिकातल्या तुरियाल्बाला ते शेतात जिवंत झाडांच्या रूपात जपतात, खुरपणी-फवारणीच्या खर्चासकट.