उंदीर बरा झाला, माणूस का नाही?

पायाला खिळा लागतो, आंत्रपुच्छ फुटते, बाळंतपणात जंतू शिरतात किंवा न्यूमोनिया बळावतो. दुखणे सुरू होते एका जागी. पण जंतूंशी लढता लढता शरीराचाच तोल सुटतो आणि मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू अशा दूरच्या अवयवांना त्याची झळ लागते. याला सेप्सिस म्हणतात. रक्तदाब घसरून नुसत्या सलाइनने सावरेनासा झाला की तो सेप्टिक शॉक. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे.

आपण विचाराल, मग यावर औषध नाही का? जंतूंवर अँटिबायोटिक्स आहेत, रक्तदाब चढविणारी औषधे आहेत. पण शरीराचा सुटलेला तोल खात्रीने सावरील असे औषध अजून हाती आलेले नाही. नवल असे, की प्रयोगशाळेत अशी औषधे पुष्कळदा गुणकारी ठरली होती. टीएनएफ नावाचे एक द्रव्य शरीरात दाह भडकविते. त्याला निकामी करणारी प्रतिद्रव्ये १९८५ मध्ये उंदरांवर आणि १९८७ मध्ये बबून माकडांवर वापरली. प्राणी वाचले! पुढे १९९० नंतरच्या दशकात तशीच प्रतिद्रव्ये रुग्णांना देऊन पाहिली, तेव्हा ठोस गुण काही दिसला नाही.

असे का व्हावे? वेळेचेच पाहा. बबूनच्या रक्तात जंतू सोडण्याच्या दोन तास आधी औषध दिले, तेव्हा त्याचे पुरते रक्षण झाले. रुग्ण मात्र इस्पितळात येतो तो आजार अंगात भिनल्यावर. चोर येण्याआधी कुलूप लावणे निराळे, आणि चोर घरात शिरल्यावर त्याला आवरणे निराळे!

दुसरी गोष्ट विषाची. पुष्कळ प्रयोगांत जिवंत जंतूंऐवजी त्यांचे विष टोचीत. माणसाला वजनाच्या दर किलोमागे एका ग्रॅमच्या अब्जांश भागाचे दोनचार कण टोचले तरी थंडी वाजून ताप भरतो. उंदीर त्याच्या लाखो पट विष पचवितो. म्हणून १९८० मध्ये उंदराच्या जातीच्याच पण मोठ्या अशा रॅटवर निराळी रीत बसविली गेली. गुंगी देऊन त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी बांधायची आणि तिला भोक पाडायचे. आतड्यातले जंतू पोटात पाझरतात, आणि फुटलेल्या आंत्रपुच्छासारखा आजार होतो. ही रीत खऱ्या दुखण्याच्या बरीच जवळ आली.

तिसरी गोष्ट खुद्द उंदराची. प्रयोगातला उंदीर तरुण, धडधाकट, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेला. रुग्ण बहुधा वयस्क, त्यात मधुमेह नाहीतर दम्याचा. २०१६ मध्ये अमेरिकेत असे दिसले, की प्रयोगशाळेतल्या उंदराची रोगप्रतिकारशक्ती नवजात बालकासारखी असते. दुकानातून आणलेल्या उंदरांच्या संगतीत ठेवले, की ती मोठ्या माणसासारखी होऊ लागते.

मग उंदीर टाकूनच द्यावा काय? छे! २०१३ मध्ये एका संशोधकगटाने सांगितले, की दाहातील जनुकांचे वर्तन उंदरात आणि माणसात फारसे जुळत नाही. दुसऱ्या गटाने तीच माहिती निराळ्या रीतीने तपासली आणि पुष्कळ जुळते असे म्हटले. तेव्हा प्रश्न उंदराचा जितका, तितकाच आपण त्याला काय विचारतो याचाही आहे.

२०१७ मध्ये व्हिएन्ना येथे तज्ज्ञ जमले आणि अशा प्रयोगांसाठी किमान नियम ठरविले. औषध आजार सुरू झाल्यावर द्यावे. रुग्णाप्रमाणे प्राण्यालाही सलाइन आणि अँटिबायोटिक्स मिळावीत. रुग्णांतली सोबतची दुखणीही प्रयोगात यावीत. कोणाला औषध द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवावे. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक द्यावे.

या शेवटच्या नियमाकडे केवळ दया म्हणून पाहू नका. वेदनाशामक न मिळालेला प्राणी हा उपचार घेत असलेल्या रुग्णासारखा नसतोच. शिवाय ढिसाळ प्रयोगात प्राण्याचा जीव फुकट जातो, आणि त्यावर विसंबलेल्या रुग्णाच्या पदरीही निराशाच येते. प्रयोग जितका खऱ्या आजाराजवळ जाईल, तितके दोघांचेही भले आहे.