मेळघाटातली कॉफी आणि कंधारचा पैसा

कंधारच्या माणसाच्या हातात सोयाबीनचे चार पैसे आले की तो आधी जमिनीकडे बघतो. मन्याडच्या मुलखात ते साहजिकच आहे. पावसानं दगा दिला तरी सातबारा कुठं जात नाही. त्यामुळे चिखलदरा बघून आलेली मंडळी हटकून विचारतात, “तिथं कॉफी होते म्हणं. दोन एकर घेऊन टाकावं का?”

कॉफी होते, हे खरं. महाराष्ट्रात कॉफीसाठी नाव घ्यावं असं हे एकच ठिकाण. परतवाड्याहून घाट चढला की सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे १,१०० मीटरवर चिखलदरा लागतं. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन इथं पोचला. तेव्हा वऱ्हाडही आपल्यासारखंच निजामाचं होतं. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या कारभारात गेलं आणि त्याच साहेबी अमदानीत कॉफीची रोपं या डोंगरावर रुजली.

अरेबिका कॉफीला थंडावा, सावली आणि भरपूर पाऊस लागतो. पण मुळाशी पाणी साचलेलं मात्र चालत नाही. चिखलदऱ्याची उंची आणि उतार ही गरज भागवतात. कंधारच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या रानात, मे महिन्यातल्या आपल्या उन्हात हे झाड तगणार नाही. तेव्हा रोप आणून बांधावर लावायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो सोडावा.

पिकलेलं लालभडक फळ बोटांत दाबलं की आतून हरभऱ्याच्या डाळीच्या दोन दलांसारख्या, सपाट बाजूनं एकमेकींना चिकटलेल्या दोन बिया निसटून बाहेर येतात. त्या बुळबुळीत असतात, चाखल्या तर जरा गोड लागतात आणि कॉफीचा वास त्यांना अजिबात नसतो. बुळबुळीत थर काढायचा, बिया वाळवायच्या, वरचं कडक टरफल काढायचं आणि मग भाजायच्या. वास उठतो तो भाजताना. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर कच्ची बी हाती येते आणि भाजताना त्यातलंही १५-२० टक्के वजन उडतं. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, म्हणून एकाच झाडावर तोडणीला पुन्हा पुन्हा फिरावं लागतं. हिरवं-पिकलं एकत्र ओरबाडलं की चव गेलीच. लागवडीपासून पहिलं पीक दिसायला तीन-चार वर्षं जातात. वर्षात दोन हंगामांची सवय असलेल्या शेतकऱ्यानं हा हिशेब नीट मांडावा.

आता जमिनीचं. हा कोरकू आदिवासींचा मुलूख आहे. १९७४ च्या कायद्यापासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. भोवती मेळघाट, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक. ही अडचण आहे असं मला वाटत नाही, हे संरक्षण आहे. दुसऱ्याच्या नावानं कागद करून देणारा दलाल भेटला तर तिथूनच माघारी फिरावं. डोंगरावरच्या माणसाची जमीन काढून घेऊन उभी राहिलेली बाग मला नको.

मग पैसा लावायचा कशात? अराकूकडं बघा. नांदेडहून निघणारी नागावली एक्स्प्रेस विशाखापट्टणमच्या बाजूनं जाते. अराकूचं खोरं तिथूनच वर, पूर्व घाटात. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीच्या बागा लहान लहान आहेत आणि जमीन त्यांचीच राहिली आहे. मेहनत घेतली गेली ती पिकलेलं फळ वेचण्यावर, एकत्र प्रक्रियेवर आणि बाजारावर. २०१७ मध्ये त्या कॉफीचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. अराकूइतका पसारा चिखलदऱ्याला नाही. पण वाळवायला चांगले ओटे, फळ सोलायचं यंत्र, भाजायची छोटी भट्टी आणि पिकलेल्या फळाला चढा दर, एवढं तरी इथं नक्की करता येईल. नांदेड-लातूरच्या व्यापाऱ्याला माल उचलणं आणि विकणं शिकवायला नको. त्यानं तोडणीआधी दर ठरवून आगाऊ रक्कम द्यावी आणि खरेदीचा शब्द सलग काही वर्षं पाळावा. तेवढी खात्री मिळाली तर हिरवं फळ ओरबाडायची वेळ कुणावर येणार नाही.

चिखलदरा बघायला जायचं तर हिवाळ्यात जावं. अरेबिकाची तोडणी त्याच दिवसांत असते. नांदेडहून हिंगोली, वाशीम, अकोला करत परतवाडा गाठता येतं. पावसाळ्यात धुकं आणि धबधबे भरपूर, पण फळ हिरवंच असतं. बाजारात कॉफीची पूड घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: बी इथलीच आहे का आणि चिकोरी किती घातली आहे. जो दुकानदार डबा उघडून अख्ख्या बिया दाखवेल, त्याच्याकडून घ्यावी आणि बाग कुणाची तेही विचारून घ्यावं.