मुंबई ते न्यूयॉर्क : लांबचा प्रवास आणि आपले पाय

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेले, ते बोटीने. आज आपल्या वस्त्यांतली मुलं-मुली शिष्यवृत्तीवर परदेशी शिकतात आणि पदवीदानाला आई-वडिलांना बोलावतात. तिकिटाइतकीच तब्येतीचीही तयारी करा, असं आम्ही सांगतो.

मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण १५-१६ तास लागतात. एवढा वेळ एका जागी बसलं की पायातलं रक्त संथ होतं, कधी त्याची गुठळी बनते. ती फुप्फुसात अडकली तर जिवावर बेततं. म्हणून दर तास-दोन तासांनी उठून चालावं, बसल्या जागी घोटे हलवावेत, पाणी पीत राहावं. दारू फुकट मिळाली तरी नको. पंचशील विमानातही पाळायचंच. गरोदर बाई, नुकतंच ऑपरेशन झालेले किंवा पूर्वी गुठळी झालेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

न्यूयॉर्कचं घड्याळ ऋतूप्रमाणे आपल्यापेक्षा साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे असतं. त्यामुळे शुगरच्या गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधं चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. खालच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं.

प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकच पाय सुजला, पोटरी दुखली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर ताबडतोब मोठं हॉस्पिटल गाठा. दुखणं अंगावर काढू नका.