भिंतीवरची बुरशी : दुखणे रंगाचे की पाण्याचे?

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या घरातले लाकडी कपाट पुढे ओढले, तर मागच्या भिंतीवर काळे-हिरवट ठिपके पसरलेले दिसले. रंगाऱ्याने भिंत खरवडून रंगाचे दोन हात दिले. पुढच्या पावसाळ्यात ठिपके त्याच जागी पुन्हा हजर! माझ्या मुलीला दमा आहे आणि तिची खाट त्याच भिंतीशी होती. प्रयोगशाळेत वीस वर्षे काढलेल्या माझ्या हातून मुख्य प्रश्न विचारायचा राहूनच गेला होता : इथे पाणी येते कोठून?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. डोळ्यांना न दिसणारे हे कण घरात येऊ न देणे अशक्यच. त्यांना खाद्यही फारसे लागत नाही. रंग दाट करण्यासाठी घातलेली सेल्युलोजजन्य द्रव्ये, भिंतीवर बसलेली धूळ आणि तेलकटपणा त्यांना पुरतो. उणीव असते ती ओलाव्याची. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली, की बीजाणू रुजतात आणि त्यांचे तंतू पसरू लागतात.

मग कपाटामागेच का? थोडे गणित करू. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के असेल, तर हवेत सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. पण २४ अंशांना हवेत तेवढेच मावते! म्हणजे पावसाने भिजून गार झालेली भिंत २४ अंशांवर आली, की तिच्यालगतची हवा संपृक्त होते आणि दव साचू लागते. कपाटामागे पंख्याचा वारा पोचत नाही, त्यामुळे ते वाळतही नाही. कोकणात आणि मुंबईत पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून दक्षिणेच्या व पश्चिमेच्या भिंती अधिक भिजतात.

पाणी हवेतले की भिंतीतले, हे ठरवण्याचा सोपा प्रयोग मुलांकडून करून घेता येईल. ठिपक्यांशेजारच्या कोरड्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा वीतभर चौकोन ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दोन दिवसांनी पाहावे. खोलीकडची बाजू ओली असेल तर पाणी हवेतले. भिंतीकडची ओली असेल तर ते आतून झिरपणारे. मग गळका नळ, गच्चीतली भेग किंवा बाहेरचा तडा शोधल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रत्येक डाग बुरशीचाच असतो असेही नाही. लोणा लागल्याने आलेली पांढरी पूड पाण्यात विरघळते, बुरशी विरघळत नाही. काळ्या डागावर विरंजक द्रावणाचा थेंब टाकावा. एक-दोन मिनिटांत तो फिका पडला तर बुरशी, नाहीतर मळ.

साफ करताना कोरड्या ब्रशने घासू नये; बीजाणू खोलीभर उडतात. नाकाला फडके आणि हातांत मोजे घालून, खिडक्या उघडून, भिंत साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी. डाग उरल्यास साबण धुऊन काढावा आणि एक भाग द्रवरूप ब्लीच दहा भाग पाण्यात मिसळून लावावे. त्यात आम्लयुक्त संडास-क्लीनर किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतात. दम्याच्या रुग्णाला या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवावे. घरातील ओल आणि बुरशी यांचा दम्याशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे.

भिंत पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. बुरशीरोधक रंगही ओल्या भिंतीवर फार काळ टिकत नाही. पूर्वीचा चुना सुरुवातीला तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशीला मानवत नसे. पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि तो गुण ओसरतो.

आमच्या पत्र्याची भिंतीकडची बाजू कोरडी आणि खोलीकडची ओली निघाली. मग कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतले, ओले कपडे घरात वाळवणे थांबवले, स्वयंपाकाची वाफ खिडकीतून बाहेर काढली आणि पंख्याचा वारा त्या कोपऱ्याकडे वळवला. दोन पावसाळे उलटले, भिंत स्वच्छ आहे. तिला पुन्हा रंग द्यावा लागलेला नाही.