पेटी वाईट की खोली?

शेजारच्या थोरल्या मुलाने दिवाळीच्या सुटीत भजनी मंडळासाठी दोन स्पीकरपेट्या घरीच बनवल्या. प्लायवूड सुताराकडून कापून घेतले. प्रत्येक पेटीत आठ इंची स्पीकर आणि वर बारीक आवाजासाठी छोटा ट्वीटर बसवला. सोयाबीन विकून आल्यावर वडिलांनी हातावर जे ठेवले, ते सगळे त्यात गेले.

मंडळी त्यांच्याच घरी तालमीला जमली. बुवांनी काळी एकचा सा लावला मात्र, कोपऱ्यातली पेटी अशी काही घुमली की अभंगाचे शब्दच कळेनात. पोराचा चेहरा उतरला. "स्पीकरच खराब लागला. उद्या तालुक्याला जाऊन दुसरा आणतो," तो म्हणाला.

त्याची आई दारात उभी होती. म्हणाली, "अरे, आधी पेट्यांची जागा तर बदलून बघ. चूल धुपली म्हणून कुणी चूल फोडतं का? लाकूड ओलं आहे का ते बघतात आधी."

पेट्यांची अदलाबदल केली. आता घुमू लागली ती दुसरी पेटी, कारण कोपऱ्यात आता ती होती. म्हणजे दोष जागेचा होता.

याचे कारण साधे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो आणि भिंतीवर आपटून परत येतो. खोलीच्या लांबीत एखादा सूर नेमका बसला की जाणारा व येणारा आवाज एकमेकांवर स्वार होतात आणि तेवढाच सूर फुगतो. १२ फूट लांबीच्या खोलीत पहिला असा सूर सेकंदाला ४७ कंपनांच्या आसपास येतो, मग त्याच्या दुप्पट, मग तिप्पट. तिप्पट म्हणजे साधारण १४१. आणि काळी एकचा पुरुषी सा असतो सुमारे १३९! बुवांचा सा आणि खोलीचा सूर असे गळ्यात गळा घालून बसले होते. पेटी कोपऱ्यात ठेवली की हे सगळे सूर जास्तीत जास्त चेवतात. जुन्या कौलारू घरात पुष्कळसा आवाज फटींतून निघून जातो. नव्या स्लॅबच्या, सिमेंटने गुळगुळीत केलेल्या खोलीत तो जाणार कुठे?

पण पोरगा जिद्दी. खोली वाईट हे पटले, तरी पेट्या चांगल्या आहेत हे कशावरून? त्याने मोजायचे ठरवले. संगणकावर 'रूम ई-क्यू विझार्ड' नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. तो स्पीकरमधून खर्जापासून टिपेपर्यंत एक चढता सूर सोडतो, माईकने तो परत ऐकतो आणि कुठे किती आवाज आला याची रेघ काढून देतो. मोजणीचा खास माईक असेल तर उत्तमच. या पोराने मोबाइलचाच माईक वापरला. मोबाइल खर्ज कमी ऐकतो, म्हणून त्याची रेघ तंतोतंत खरी मानू नये. पण त्याच मोबाइलने, त्याच ठिकाणावरून, दोन पेट्यांची तुलना करता येते. एकाच मापाने दोन पोती मोजावीत तसे. आवाज मात्र बोलण्याइतकाच ठेवावा, नाहीतर ट्वीटर जळतो.

खोलीच्या मध्यावर मोजले, तर रेघ म्हणजे सह्याद्रीचे डोंगर. माईक हातभर सरकवला की डोंगर दुसरीकडे! मग त्याने एका अमेरिकन अभियंत्याची युक्ती केली. डॉन कील यांनी १९७४ साली दाखवून दिले, की माईक स्पीकरच्या पडद्याच्या मध्याला अगदी चिकटता धरला तर खोलीचा हस्तक्षेप जवळजवळ नाहीसा होतो. भरल्या बाजारातही कानात सांगितलेले ऐकू येतेच ना! आठ इंची स्पीकरला हे अंतर पेन्सिलीच्या जाडीइतके ठेवायचे. पडद्याला धक्का लागू द्यायचा नाही. या रीतीने सुमारे ६०० कंपनांपर्यंतचा आवाज भरवशाने मोजता येतो.

आणि इथे गंमत झाली. ज्या पेटीवर सुरुवातीला आळ आला होता, ती निर्दोष निघाली. दाराजवळ गुमान बसलेली दुसरीच शंभराच्या खाली लंगडत होती. पेटी बंद जातीची होती. पडदा बोटांनी हलकेच आत दाबून सोडला, तर चांगल्या पेटीचा सावकाश परत यायचा, हिचा झटकन. याचा अर्थ हवा कुठून तरी निसटत होती. सांध्यांवरून उदबत्ती फिरवली. मागे वायर आत जाते तिथे धूर थरथरला. भोक वायरीपेक्षा मोठे पडले होते. लाकडाचा भुसा सरसात कालवून ते बुजवले. खर्च शून्य.

टिपेकडचा आवाज राहिला होता. तो पडद्याला चिकटून मोजता येत नाही, थोडे लांब जावे लागते. शहरातला माणूस इथे अडतो. कारखान्यांत त्यासाठी प्रतिध्वनी शोषणाऱ्या महागड्या खोल्या असतात. यांच्या मळ्यात मात्र जुने खळे आहे. मळणी यंत्राने होत असली तरी तूर वाळवायला ते लागतेच. पहाटे, वारा सुटण्याआधी, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर अँप्लिफायर लावला. पेटी खळ्यावर ठेवून किंचित पुढे कलती केली, दोन मीटरवर मोबाइल जमिनीलाच टेकवून ठेवला. माईक जमिनीलगत असला की जमिनीवरून येणारा आवाज सरळ येणाऱ्या आवाजातच मिसळतो, वेगळा घोळ घालत नाही. भोवती ३० फुटांत भिंत नव्हती. चिमण्या उठण्याआधी दोन्ही पेट्या मोजून झाल्या आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

आता तालमीला पेट्या कोपऱ्यापासून तीन-चार फूट पुढे, स्टुलावर असतात, आणि मागच्या भिंतीवर आजीच्या दोन जाड गोधड्या टांगलेल्या. गोधड्यांनी बारीक आवाजाचा कल्लोळ निवतो. खर्जाला त्या पुरत नाहीत, तो जागा बदलल्यानेच आवरला. बुवा अजून काळी एकच लावतात. मुलाने आईला खळ्यावरच्या रेघा दाखवल्या, तेव्हा ती म्हणाली, "ते असू दे. आजीला रात्री गोधडी काढून दे म्हणजे झालं."