एक लिटर प्लास्टिक, एक हेक्टर ऊन

खान्देशातल्या चोपड्यात दीड बाय दीड मीटरवर केळी लावली, तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. त्या सगळ्या बागेवर एका खास प्लास्टिकचा १०० नॅनोमीटर जाडीचा थर अंथरायचा म्हटलं, तर प्लास्टिक किती लागेल? फक्त १ लिटर. वजन सव्वा किलोच्या आत. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण सातशेवा भाग एवढाच हा थर, पण जो रंग त्याला मानवतो, त्या रंगाचा निम्म्याहून अधिक प्रकाश तो गिळून टाकतो.

या पदार्थांना संयुग्मित बहुवारिकं म्हणतात. कार्बनच्या लांब साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतात आणि इलेक्ट्रॉन एका जागी न बसता साखळीभर फिरतात. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी अशाच एका प्लास्टिकला आयोडीन पाजून त्याची वीज वाहण्याची क्षमता कोटीपटीच्या घरात नेली. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रकाशाच्या अभ्यासात सर्वांत घासूनपुसून पाहिलेलं बहुवारिक म्हणजे पी३एचटी. त्याच्या एका ग्रॅममध्ये किती कड्या असतात? ३६ लिहा आणि पुढे वीस शून्यं द्या. त्या सगळ्या टोकाला टोक जोडून ताणल्या, तर लांबी भरते १३९ कोटी किलोमीटर. सूर्यापासून शनी जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. चिमूटभर भुकटीत एवढं अंतर गुंडाळलेलं असतं, यावर माझा अजूनही चटकन विश्वास बसत नाही.

आता खान्देशाच्या जिव्हाळ्याचा विषय, उष्णता. जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश. आपल्याला ही दोन वेगळी जगं वाटतात. रेणूंच्या लेखी मात्र निरपेक्ष शून्यापासून मोजायचं असतं: २८३ केल्विन आणि ३१८ केल्विन. फरक अवघा १२ टक्क्यांचा. ४५ अंशालाही रेणूच्या वाट्याला येणारी उष्णतेची ऊर्जा नारिंगी प्रकाशाच्या एका कणाच्या ऊर्जेचा पंचाहत्तरावा भाग असते. एवढीशी ऊर्जा प्रकाशाचं काय बिघडवणार?

ती प्रकाशाच्या वाटेला जातच नाही. ती दोन कड्यांमधला बंध पिळते. पीळ पडला की इलेक्ट्रॉनची मोकळी वाट तुटते आणि वाट आखूड झाली की जास्त ऊर्जेचा, म्हणजे निळ्याकडचा प्रकाश लागतो. योग्य द्रावकात पी३एचटी गरम करा: ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि पिवळं-नारिंगी दिसतं. हळूहळू थंड करा: साखळ्या सपाट होतात, वाळलेल्या सपाट पापडांसारख्या एकमेकींवर ०.३८ नॅनोमीटर अंतराने चढतात, शोषण ५५०-६०० नॅनोमीटरकडे सरकतं आणि तीच बाटली जांभळी होते. पुन्हा तापवा, पुन्हा नारिंगी. एकही अणू आत आला नाही, एकही बाहेर गेला नाही.

पिळाचा पुरावा स्वयंपाकघरातही आहे. टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन, दोघांत ४० कार्बन, ५६ हायड्रोजन आणि ११ संयुग्मित दुहेरी बंध. कॅरोटीनच्या दोन्ही टोकांची कडी पिळलेली असते, म्हणून ते निळ्याकडचा प्रकाश घेऊन नारिंगी दिसतं. लायकोपीन सरळ, म्हणून लाल.

साखळ्या किती घट्ट जुळल्या हेही मोजता येतं. शोषणाच्या आलेखातल्या पहिल्या दोन शिखरांच्या उंचीच्या गुणोत्तरावरून ते वाचण्याची रीत फ्रँक स्पानो यांनी २००५ मध्ये मांडली. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी तापमानानुसार जुळणारं-सुटणारं बहुवारिक गरम असतानाच पसरवलं, थंड होताना साखळ्यांना हवं तसं जुळू दिलं आणि १०.८ टक्के कार्यक्षमतेचा सौरघट बनवला. पी३एचटीचे साधे घट ४-५ टक्क्यांवर अडकले होते.

तापमानाचा हा प्रश्न आपला आहे, कारण ऊन आपलं आहे. सौरपट्टीची क्षमता २५ अंशाला मोजून छापतात. मेमध्ये पट्टी ६५ अंशांपर्यंत तापते आणि नेहमीचं सिलिकॉन दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज गमावतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या प्रकल्पाएवढ्या, म्हणजे १२५ मेगावॉटच्या, निव्वळ सिलिकॉनच्या प्रकल्पात हा तोटा २० मेगावॉटचा होतो. द्रावकातून बाहेर येऊन थर झालेल्या प्लास्टिकचं वागणं निराळं आहे: ६५ अंशाला त्याचं शोषण काही नॅनोमीटरच सरकतं आणि तेही निळ्याकडे. टिकाऊपणात मात्र ते सिलिकॉनच्या जवळपासही नाही, हे मान्य करायलाच हवं.

जळगावच्या विद्यापीठात आणि चोपड्याच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं: या पदार्थांचे आलेख काढाल तेव्हा २५ अंशावर थांबू नका. ४५ आणि ६५ अंशालाही काढा.